वडिलांच्या कवटीतलं मूळ

हेपिसिपाच्या गावात कोणाचा कान दुखायला लागला, तर आधी कुदळ शोधतात, औषध नंतर. जिवंत माणसाचा कान उगाच कशाला दुखेल? दुखतं ते जमिनीखालच्या कोणाला तरी. आजोबा असतात, पणजी असते, नाहीतर एखादा विसरलेला काका असतो. झाडाचं मूळ वाढत वाढत त्याच्या कवटीत शिरलेलं असतं, बिचाऱ्याला तिथे ओरडायची सोय नसते, म्हणून तो नातवाच्या कानातून ओरडतो. मग थडगं उघडायचं, हाडं वर काढायची, मूळ उपटायचं, खोबरेल तेलाने हाडं पुसून झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळायची, पुन्हा जागच्या जागी ठेवून वर पांढरी वाळू पसरायची आणि एक डुक्कर भाजायचं. डुक्कर संपेपर्यंत बहुतेकांचा कान थांबलेला असतो. ज्यांचा थांबत नाही, त्यांचा पूर्वज निवडायला चुकलेला असतो. महासागरातल्या वावाऊ बेटावर पूर्वजांचा तुटवडा कधीच नव्हता, त्यामुळे दुसरा शोधायला वेळ लागत नाही.

कोणता पूर्वज, हे सांगायचं काम तीस वर्षं हेपिसिपाकडे होतं. बाई त्रेसष्ट वर्षांची, अंगाने भक्कम, चर्चच्या गायनात सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गाणारी. ती रोग्याचं मनगट दाबायची, तीन प्रश्न विचारायची, डोळे मिटायची आणि नाव सांगायची. पहिली खेप सोडली, तर तिने सांगितलेल्या थडग्यातून मूळ निघालं नाही, असं आजवर एकदाही झालं नव्हतं. कसं होईल? मूळ ती घरून घेऊन जायची. सकाळी परसातल्या जास्वंदीचं बोटभर मूळ कापायचं आणि रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेल्या चटईच्या घडीत खोचायचं. हाडं कापडाखाली पुसतात, त्या कापडात हात घालायचा आणि मूळ घेऊन बाहेर काढायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हेपिसिपाची मूठ उघडली की लाखाची व्हायची.

याला ती लबाडी समजत नव्हती. हाडांवर तिचा स्वतःचा पक्का विश्वास होता. पण अगदी पहिल्या खेपेला थडग्यातून काहीच निघालं नाही, तेव्हा रोगी बाई भर दफनभूमीत धाय मोकलून रडली होती. दुसऱ्या खेपेपासून हेपिसिपाने तजवीज ठेवायला सुरुवात केली. डॉक्टर नाही का मुलांच्या औषधात साखर घालत, असं ती स्वतःला सांगायची. तीस वर्षं सांगितल्यावर माणसाला ते पटतंच.

गावचे पाद्री पाउलिआसी दर रविवारी या प्रकाराला सैतानाचं काम म्हणायचे. आवाज मोठा असल्यामुळे सैतानालाही ऐकू जात असावं. आणि त्यांच्या पत्नीचा गुडघा धरला तेव्हा सोमवारी सकाळी मागच्या दाराने त्यांनीच हेपिसिपाला बोलावून नेलं आणि आपल्या काकांचं थडगं उघडलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. गुडघा बरा झाला, सैतान पुन्हा रविवारवर गेला.

तर अशी सगळी बरी चाललेली व्यवस्था बिघडली ती हेपिसिपाच्या सख्ख्या भावामुळे.

फेहोको तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. रताळ्यांचं शेत, एक होडी, बायको वारलेली, एक मुलगी. भावाबहिणीचं नातं तिथे इतकं पवित्र मानतात की ते जपण्यासाठी दोघांना एकमेकांपासून लांबच ठेवतात. भाऊ घरात आला की बहीण दुसऱ्या खोलीत जाते. तिच्यासमोर थट्टा नाही, आजारपणाच्या गोष्टी नाहीत, आणि अंगाला हात लावणं तर मुळीच नाही. थोरल्या बहिणीचा शब्द भावाने खाली पडू द्यायचा नाही. सबंध बेटाची डोकी हेपिसिपाच्या हाताखालून गेली होती, पण भावाच्या डोक्याला तिने नऊ वर्षांची असताना शेवटचा हात लावला होता. त्यामुळे त्याची तपासणी कशी व्हायची, तर ती आत चटईवर, तो बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली, आणि मध्ये दारात त्याची मुलगी तोआकासे. ही नेइआफूच्या, म्हणजे बेटावरच्या मोठ्या गावच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि या कामासाठी तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

"आत्या, बाबांच्या उजव्या कानामागे ठणका लागलाय. तीन महिने झाले."

"त्याला विचार, समुद्रात बुड्या मारल्यास का?"

तोआकासेने मान बाहेर वळवली. "बाबा, आत्या विचारतायत—"

"ऐकलं मी. सांग, नाही."

"आत्या, बाबा नाही म्हणतायत."

"ऐकलं मी," हेपिसिपा म्हणाली. "कोमट खोबरेल घाल म्हणावं दोन थेंब."

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण त्या मंगळवारी हेपिसिपाच्या घरात पाहुणे होते. क्वीन्सलँडचा डेल आणि त्याची बारा माणसं. डेल आधी घरांना रंग द्यायचा. मग त्याला एका जंगलात साक्षात्कार झाला आणि त्याने 'शांत बगळा' हे नाव घेतलं. हा बगळा शांत असताना कोणी पाहिला नव्हता. जगभरच्या वैदू-भगतांची विद्या एकत्र आणायची, हे त्याने मनावर घेतलं होतं, आणि ती बऱ्यापैकी एकत्र आलीही होती: ढोल सायबेरियाचा, पीस पेरूचं, धूर मेक्सिकोचा, तोंडी भारतातला ओम, आणि डोक्यावर उन्हाची टोपी घरची. हेपिसिपाला तो 'महासागराची आजी' ही पदवी देणार होता, आणि पुढच्या वर्षी डेन्मार्कला भाषणाला नेणार होता. पदवीचा तिला फारसा उपयोग नव्हता. डेन्मार्कसाठी मात्र तिने लोकरीचा कोट मागवला होता.

त्या बारांमध्ये इंगेलिस नावाची एक डॅनिश बाई होती. आदल्या दिवशी तिने हेपिसिपाला विचारलं होतं, तुमचा शक्तिप्राणी, म्हणजे तुम्हाला बळ देणारा प्राणी, कोणता? हेपिसिपाच्या मनात तेव्हा मेजवानीचा विचार चालला होता, ती म्हणाली, डुक्कर. बाराही जणांनी ते वहीत लिहून घेतलं.

तर कोमट खोबरेल ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले. इतक्या लांब येऊन खोबरेल! तेवढ्यात इंगेलिसने डोळे मिटले, हात छातीवर ठेवले आणि म्हणाली, "मला एक म्हातारा दिसतोय. जमिनीखाली. त्याचं डोकं दुखतंय."

हेपिसिपाचं पित्त खवळलं. ही बाई बेटावर येऊन चार दिवस झालेले. हिला अजून शहाळं धड फोडता येत नाही, आणि ही माझ्या घरात बसून माझ्या आधी पूर्वज काढते?

"नुसता म्हातारा नाही तो," ती ठसक्यात म्हणाली. "आमचे वडील आहेत. तालिआई. उजव्या बाजूने कवटीत मूळ गेलंय. गुरुवारी थडगं उघडायचं."

ढोल वाजला. दारात तोआकासेचा चेहरा दगडासारखा झाला. बाहेर फेहोको दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मान खाली घालून बसला होता.

"ताईंना सांग," तो म्हणाला, "बरं."

*

बुधवारी दुपारी हेपिसिपा मेजवानीसाठी अळकुड्या सोलत बसली होती. तोआकासे आली ती दवाखान्याच्या गणवेशातच, आणि आली तशी समोर बसली.

"आत्या, काल घरी नेऊन मी बाबांचा कान नीट पाहिला. कानामागे सूज आहे, एवढी. ताप आहे. कानातून पू येतोय. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात, कानामागच्या हाडात पू झालाय. कापायला लागेल, आणि ते राजधानीत. शुक्रवारी सकाळच्या विमानात मी जागा धरलीय."

"मग? थडगं गुरुवारी, विमान शुक्रवारी. काय बिघडलं?"

"बिघडलं हे की गुरुवारी मूळ निघणार."

"निघणारच."

"मग बाबा शुक्रवारी जाणार नाहीत. म्हणतील, मूळ निघालं, आता कशाला? ताईंनी बरं केलं, वर आणखी डॉक्टर म्हणजे ताईंचा अपमान. पुढचं विमान सोमवारी. डॉक्टर म्हणाले, पू मेंदूत शिरला तर सोमवार बघायची गरज नाही."

"तुमच्या डॉक्टरांना घाबरवायला आवडतं."

"लिसिआते आठवतो?" तोआकासे म्हणाली. आत्यापुढे भाचीने असं बोलायचं नसतं, ते तिला ठाऊक होतं. "गेल्या वर्षी. पोट दुखत होतं त्याचं. तुम्ही त्याच्या आजीच्या बरगडीतून मूळ काढलंत. दोन दिवस नाचत होता, बरा झालो, बरा झालो म्हणून. पाचव्या दिवशी आजीच्या शेजारीच त्याच्यासाठी खणलं. आतडं फुटलं होतं."

हेपिसिपा अळकुडी सोलत राहिली. साल संपली तरी सुरी चालूच होती. लिसिआतेकडे आपल्याला उशिरा बोलावलं, असं तिने वर्षभर धरून ठेवलं होतं. ते वाक्य आता तिला आठवेना.

"त्याला सांग," शेवटी ती म्हणाली, "आधी विमान, मग थडगं. मी सांगितलंय म्हणून सांग."

तोआकासे धावतच गेली आणि तासाभरात पाय ओढत परत आली.

"बाबा म्हणतात, ताईंनी वडिलांचं नाव घेतलंय. आता त्यांना तसं कळवळत टाकून मी कसा जाऊ? आधी त्यांचं डोकं मोकळं होऊ दे. मग ताई म्हणतील तसं."

हा भाऊ लहानपणापासून असाच. एकदा काही सांगितलं की करायचा, आणि दुसरं सांगितलं तरी आधी पहिलं पुरं करायचा. लहानपणी तिला याचा फार अभिमान वाटायचा. आज त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि तेवढीही सोय नव्हती.

*

गुरुवारी सकाळी अख्खं गाव दफनभूमीत. तालिआईच्या थडग्यावर शोभेला घातलेली गोधडी आणि प्लास्टिकची फुलं बाजूला काढून ठेवली होती. पाउलिआसींनी सुरुवातीची प्रार्थना केली. सैतानाच्या कामाला आशीर्वाद देताना त्यांनी डोळे मात्र घट्ट मिटून घेतले. डेलने कमरेची चटई छातीला बांधली होती. त्याला कोणी काही सांगितलं नाही, कारण पाहुण्याचा अपमान करू नये आणि करमणूकही घालवू नये. इंगेलिस धूर करत होती. धूर वाऱ्याने फिरून पाद्र्यांच्याच नाकात जात होता, आणि दोन धर्मांमधली ती त्या दिवशीची एकुलती एक चकमक.

खणायचं काम आजोळच्या माणसांचं, म्हणून मामेभाऊ मोआला कुदळ घेऊन आत उतरला होता. वडिलांचं डोकं मुलांना निषिद्ध, जिवंतपणीही आणि नंतरही. म्हणून फेहोको लांब, भिंतीपाशी, आणि हेपिसिपा थडग्यापासून दहा पावलांवर चटईवर. आज कापडाखाली हात तिचा जाणार नव्हता, मोआलाचा जाणार होता. म्हणून तिने वेगळी तजवीज केली होती: सालीचं कापड ती स्वतः देणार होती, आणि मूळ त्या कापडाच्या आतल्या घडीत. सकाळी तिने ते सवयीने कापलं होतं. विमानाचं बघू, ते विमानाच्या वेळी, असं तिने अंघोळ करताना ठरवलं होतं. मूळ निघालं की मी स्वतःच सांगीन, आता जा म्हणून. जाईल. जाईलच.

"तालिआईमामा सापडले!" मोआला खालून ओरडला. त्याने कवटी दोन्ही हातांनी अलगद वर धरली. स्वच्छ, सुकी, पांढरी. कुठे चीर नाही, मातीसुद्धा चिकटलेली नाही. आजूबाजूला पन्नास पावलांवर एक झाड नव्हतं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लोक हेपिसिपाच्या हाताकडे बघत होते.

"ताई, कापड," मोआला म्हणाला.

तिने कापड उचललं. आणि तेव्हाच भिंतीपाशी फेहोको उठून उभा राहिला, वडिलांना मान द्यायला. उठला आणि एका बाजूला कलला. तोआकासेने त्याला धरलं. डोक्याला बांधलेलं फडकं कानापाशी पिवळं ओलं झालं होतं. ताप त्याच्या डोळ्यांत दिसत होता. आणि त्या चेहऱ्यावर एक समाधान होतं, अगदी निवांत. लिसिआतेचा चेहरा असाच होता, दोन दिवस.

या माणसाला मूळ दाखवलं तर तो शुक्रवारी विमानात बसणार नाही. मी सांगितलं तरी तोंडाने हो म्हणेल आणि जाता जाता म्हणेल, ताई, पण आता दुखत नाही हो. हे तिला इतकं लख्ख कळलं की कापड तिच्या हातून सुटलं.

तिने ते उचललं, घडी उलगडली आणि मूळ हातात धरून वर केलं.

"हे बघा," ती म्हणाली. गाण्यात वापरायची तीच वरची पट्टी. "हे मूळ माझ्या परसातलं आहे. जास्वंदीचं. आज सकाळी मी कापलं. वडिलांच्या डोक्यात काही नाही. कोणाच्याच डोक्यात काही नव्हतं. पाद्रीबाबांच्या काकांच्या नव्हतं, लिसिआतेच्या आजीच्या नव्हतं. तीस वर्षं मी घरून आणतेय."

खरं बोलल्यावर आकाश कोसळेल अशी हेपिसिपाची तयारी होती. कोणी दगड मारेल, लिसिआतेची आई अंगावर धावून येईल, असं तिला वाटलं होतं. आणि आली तर बरं, असंही वाटलं होतं.

"अरे देवा," डेल हुंदका देत म्हणाला. "काय ही नम्रता! हिने ते मूळ स्वतःच्या अंगात ओढून घेतलं!"

"मी पाहिलं," इंगेलिस म्हणाली. "कवटीतून निघून तिच्या कमरेत गेलं. निळ्या प्रकाशातून."

"काय निळा प्रकाश, बाई!" हेपिसिपा ओरडली. "सुरीने कापलंय मी! सुरी घरी आहे, मोरीत!"

पाउलिआसी पुढे झाले आणि त्यांनी तिच्या दिशेने बायबल धरलं. "ही बोलत नाहीये. हिच्या तोंडून सैतान बोलतोय. या पवित्र बाईची बदनामी करायला आलाय."

"तीस वर्षं तुम्ही मला सैतान म्हणत होता ना?"

"तेव्हा तू खोटं बोलत नव्हतीस," पाद्री म्हणाले, आणि गावाने आमेन म्हटलं.

लिसिआतेची आई आली, पण धावून नाही. ती हेपिसिपाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उन्हात बसलात हो तुम्ही फार वेळ. पाणी देऊ?" तो हात हेपिसिपाला दगडाहून जड लागला. तीस वर्षांचं खोटं सगळ्यांनी एका दमात गिळलं होतं, आणि खरं मात्र घशाखाली उतरेना.

राहता राहिला एक माणूस. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत होईना. तोआकासे गर्दीतून वाट काढत आली.

"आत्या, बाबा विचारतायत, मग आता काय करायचं?"

"सांग त्याला, उद्याच्या विमानात बसायचं. डॉक्टर कापतील तिथे कापून घ्यायचं. मध्ये एक शब्द बोलायचा नाही. थोरल्या बहिणीचा हुकूम आहे म्हणावं."

तोआकासे गेली आणि परत आली.

"बरं, म्हणतायत."

*

शुक्रवारी दुपारीच डॉक्टरांनी कानामागचं हाड कोरलं. आणखी दोन दिवस गेले असते तर उपयोग नव्हता, असं ते तोआकासेला म्हणाले. फेहोको वाचला. उजवा कान कायमचा गेला, पण माणूस महिन्याभरात परत आला आणि रताळ्यांत कामालाही लागला.

इकडे हेपिसिपाची कीर्ती अशी वाढली की सांगायला नको. थडग्यातलं मूळ हात न लावता अंगात ओढून घेणारी बाई! राजधानीच्या टोंगाटापू बेटाहून, सामोआहून लोक यायला लागले. ती प्रत्येकाला सांगायची, मला काही येत नाही, दवाखान्यात जा. लोक हात जोडून दवाखान्यात जायचे, कारण प्रत्यक्ष हेपिसिपाने सांगितलंय, तेव्हा त्यात काहीतरी असणार. गोळ्या घेऊन बरे व्हायचे, आणि डुक्कर मात्र तिच्या दारात आणून बांधायचे. तोआकासेला कामातून मान वर करायला वेळ मिळेना. डेन्मार्कच्या भाषणाला हेपिसिपा गेली नाही. डेलने ते लोकांना मौन म्हणून सांगितलं, आणि तिच्या रिकाम्या खुर्चीला म्हणे लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पण तिला यातल्या कशाचंच काही वाटत नव्हतं. तिला एकच गोष्ट खात होती. गावाने विश्वास ठेवला नाही तो नाही, पण भावाला तरी कळलं का, की आपली थोरली बहीण तीस वर्षं खोटारडी होती? आणि कळलं असेल तर आता आपल्याबद्दल त्याला काय वाटतं?

एका दुपारी तो रताळी घेऊन आला आणि ओसरीच्या कडेला बसला. ती रिवाजाप्रमाणे आत गेली. मध्ये झावळ्यांची विणलेली भिंत. तोआकासे दारात.

"त्याला विचार," हेपिसिपा म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले ते त्याला खरं वाटलं का?"

"बाबा," तोआकासे त्याच्या डाव्या बाजूला वाकली, "आत्या विचारतायत, मुळाचं त्या बोलल्या ते खरं वाटलं का?"

"मला आधीच माहीत होतं," फेहोको म्हणाला.

निरोपाची वाट न बघता तोआकासेनेच विचारलं, "कधीपासून?"

"लिसिआतेच्या आजीचं थडगं मी खणलं होतं ना, त्यांच्या आजोळचा म्हणून. वाळू कोरडी ठाक. आणि ताईंनी मूळ काढलं ते ओलं. बुळबुळीत रस गळत होता त्यातून. जास्वंदीचा. दफनभूमीत कुठे आहे जास्वंद?"

"बाबा! मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बहिणीबद्दल? चारचौघांत?" त्याला प्रश्नच कळला नाही. "पोराला बरं वाटत होतं. मला वाटलं, असेल काहीतरी ताईंच्या मनात."

"आणि तुमच्या वेळी? माहीत होतं तरी तुम्ही थडगं उघडायला बसलात? पू येत होता बाबा, मरणार होतात तुम्ही!"

"ताईंनी सांगितलं होतं."

आतून हेपिसिपाचा आवाज आला. या वेळी तो वरच्या पट्टीत नव्हता. "त्याला विचार, मी त्या दिवशी मूळ काढून दाखवलं असतं तर?"

तोआकासेने विचारलं. फेहोकोने टोपलीतलं एक रताळं उचललं, त्याची माती अंगठ्याने पुसली, आणि पुन्हा टोपलीत ठेवलं.

"तर बरा झालो म्हणालो असतो," तो म्हणाला.

तोआकासे निरोप द्यायला आत वळली. आत्या उठून दारात आली होती. भाचीला हाताने बाजूला सारून ती ओसरीवर उतरली, जिथे भाऊ बसलेला असताना तिने बसायचं नव्हतं, आणि त्याच्या उजव्या बाजूला, बहिऱ्या कानाकडे जाऊन बसली. मग ती रडली, चांगली मोठ्याने. फेहोको समोर समुद्राकडे बघत राहिला. त्याला ऐकू आलं नसणार.